अर्धांगवायू, उठाबशा आणि एक जुनी भीती

एखाद्याला अर्धांगवायूचा झटका आला की आपल्याकडे 'अंगावरून वारं गेलं' असे म्हणतात. या तीन शब्दांमागे एक जुने शास्त्र आहे. आयुर्वेदाने हा आजार वातव्याधींमध्ये गणला. चरकसंहितेत पक्षाघाताची चर्चा येते ती वाताच्या इतर विकारांबरोबरच. वात म्हणजे वायू आणि वायू म्हणजे वारा, म्हणून 'वारं'. वाताचे शमन करायचे तर स्नेहन आणि स्वेदन, म्हणजे तेल आणि शेक. पनवेलला ही परंपरा चांगलीच परिचयाची आहे. वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी १८७२ साली श्री धूतपापेश्वर हा आयुर्वेदिक औषधांचा उद्योग सुरू केला, तो याच गावात.

झटक्यातून वाचलेला माणूस घरी येतो तेव्हा आजही बहुतेक घरांत दोन गोष्टी होतात. लुळ्या पडलेल्या हातापायांना तेल चोळले जाते, आणि 'त्यांना दमवू नका' अशी सूचना सगळ्यांना मिळते. तेल चोळण्याने बरे वाटते, त्वचा चांगली राहते, माणसाचा स्पर्श होतो. पण त्या पायाकडून काम करून घ्यावे का? त्याला जोर लावायला सांगावे का?

या प्रश्नाला 'नाही, जोर लावायला सांगू नका' असे उत्तर फक्त घरातली वडीलधारी मंडळीच देत असत असे नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बरीच वर्षे जगभरातले शिकलेसवरलेले फिजिओथेरपिस्टही हेच उत्तर देत होते. त्यांची कारणे मात्र वेगळी होती, आणि ती अडाणीपणाची नव्हती. ते उत्तर कसे तयार झाले, ते इतकी वर्षे का टिकले आणि शेवटी कशाने बदलले, हे समजून घेण्यासारखे आहे. एखादी पटण्याजोगी कल्पना आणि तपासलेली कल्पना यांत किती अंतर असू शकते, हे त्यातून दिसते.

प्रश्न किती मोठा?

आधी थोडे गणित करू. मुंबईतल्या एका वस्तीची २००५-०६ मध्ये दोन वर्षे पाहणी झाली. तिथे प्रौढांमध्ये दर लाखामागे वर्षाला सुमारे १४५ जणांना पहिल्यांदा झटका आल्याचे आढळले. त्यांतले सुमारे ३० टक्के रुग्ण २८ दिवसांच्या आत दगावले. म्हणजे दहातले सात जण वाचले.

आज पनवेल महानगरपालिकेच्या हद्दीत जी गावे आणि वसाहती येतात, त्यांची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे पाच लाख होती. यातले निम्मे लोक पंचविशीच्या पुढचे धरू आणि मुंबईचाच दर इथे लावू. उत्तर येते वर्षाला साडेतीनशेच्या आसपास, म्हणजे जवळजवळ रोज एक. हा केवळ अंदाज आहे, पण त्यावरून प्रश्नाचा आकार कळतो. वाचलेल्यांपैकी बऱ्याच जणांचा पहिला प्रश्न एकच असतो : 'मी पुन्हा चालेन का?'

स्नायू शाबूत, निरोप बंद

अर्धांगवायूत बिघाड पायात नसतो, मेंदूत असतो. मेंदूच्या एखाद्या भागाकडे जाणारी रक्तवाहिनी गुठळीने बंद होते किंवा फुटते. रक्त न मिळाल्याने तिथल्या पेशी मरतात. हालचालीचे हुकूम नेणारे बहुतेक मज्जातंतू मेंदूच्या तळाशी, मानेच्या वर, एकमेकांना ओलांडून विरुद्ध बाजूला जातात. म्हणून मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली तर उजवे अंग लुळे पडते.

पायाचा स्नायू त्या दिवशी अगदी ठाकठीक असतो. त्याच्यापर्यंत निरोप पोचत नाही, किंवा अपुरा पोचतो. कारखान्यातली यंत्रे चांगली आहेत पण वीज कमी दाबाने येते आहे, तसा हा प्रकार आहे. पुढे आठवड्यांमागून आठवडे काम न मिळाल्याने स्नायू खरोखरच बारीक होऊ लागतो. म्हणजे एका दुबळेपणावर दुसरा दुबळेपणा चढतो.

याच्या जोडीला आणखी एक गोष्ट घडते. काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी अनेकांचे लुळे अंग ताठर होऊ लागते. हात कोपरात दुमडून छातीशी येतो, मूठ वळते, पाय मात्र काठीसारखा सरळ होतो. दुसऱ्या कोणी तो झटकन वाकवायला गेले तर स्नायू उलट ओढ घेतो. मेंदूचा लगाम सुटल्यामुळे पाठीच्या कण्यातल्या प्रतिक्षिप्त क्रिया जास्त जोरात चालू लागतात, त्याचा हा परिणाम असतो.

एकोणिसाव्या शतकातले ब्रिटिश डॉक्टर ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी या दोन्हींना चांगली नावे दिली. जे हरवले ते 'वजा' लक्षण, म्हणजे दुबळेपणा. जे नव्याने आले ते 'अधिक' लक्षण, म्हणजे ताठरपणा. ही दोन नावे लक्षात ठेवू, कारण पुढची सगळी गोष्ट या वजा आणि अधिक यांच्याभोवती फिरते. माणूस चालू शकत नाही तो कशामुळे? वजामुळे की अधिकमुळे?

वजन उचलणारे सैनिक आणि परळची शाळा

स्नायूला जोर लावायला देऊन ताकद वाढवायची, ही गोष्ट आपल्या तालमींना नवी नाही. बैठका आणि जोर काढताना पैलवान रोज थोडी भर घालत जातो. पण रुग्णालयात ही रीत उशिरा आली. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेले अमेरिकन सैनिक गुडघ्याच्या शस्त्रक्रियांनंतर महिनोन्महिने रुग्णालयात पडून असत. शिकागोच्या लष्करी रुग्णालयातले तरुण डॉक्टर टॉमस डेलॉर्म स्वतः हौशी वजन उचलणारे होते. त्यांनी या सैनिकांच्या पायाला वजने बांधून ती उचलायला लावली, आणि ताकद वाढेल तसे वजन वाढवत नेले. १९४५ साली त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. १९४८ साली ती सुटसुटीत केली : जे वजन दहा वेळा कसेबसे उचलता येते ते शोधायचे, मग त्याच्या निम्म्या वजनाने दहा, पाऊण वजनाने दहा आणि पूर्ण वजनाने दहा. आजही व्यायामशाळेत तीन वेळा दहा-दहा असा जो हिशेब ऐकू येतो, त्याचे मूळ इथे सापडते. त्याच वर्षी त्यांनी ही रीत पोलिओच्या रुग्णांवरही वापरून पाहिली.

पोलिओनेच आपल्याकडेही फिजिओथेरपी आणली. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत पोलिओची साथ होती. त्या काळात जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने परळच्या के. ई. एम. रुग्णालयात भारतातली फिजिओथेरपीची पहिली शाळा निघाली. पुढे १९५५ साली हाजी अलीजवळ अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्थेची सुरुवात झाली.

पोलिओत पाठीच्या कण्यातल्या मज्जापेशी मरतात. तिथे अंग लुळे पडते पण ताठर होत नाही. म्हणजे फक्त 'वजा', 'अधिक' काहीच नाही. त्यामुळे प्रत्येक स्नायूची ताकद शून्य ते पाच अशा गुणांत मोजायची आणि शिल्लक स्नायू हळूहळू वाढवायचे, हा मार्ग सरळ होता. आता असे वाटेल की अर्धांगवायूच्या रुग्णालाही हाच मार्ग लागू झाला असेल. पण नेमके उलटे झाले.

एक निरीक्षण, आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष

बर्टा बोबाथ या मूळच्या बर्लिनच्या. व्यायाम-शिक्षिका म्हणून त्यांचे शिक्षण झाले होते. नाझी राजवटीमुळे त्या लंडनला आल्या. १९४३ च्या सुमारास त्यांच्याकडे अर्धांगवायू झालेला एक चित्रकार उपचारांसाठी आला. त्याचा हात अतिशय ताठर होता. त्यांच्या लक्षात आले की खांदा, धड आणि हात विशिष्ट स्थितीत धरले तर ताठरपणा सैल पडतो. त्या काळात लुळे अंग सोडून देऊन चांगल्या अंगावरच रुग्णाला निभावायला शिकवत असत. बोबाथबाईंनी आग्रह धरला की लुळ्या बाजूकडेच लक्ष द्या, ती परत येऊ शकते. हे त्यांचे मोठे योगदान आहे. त्यांचे पती कारेल बोबाथ डॉक्टर होते. त्यांनी या अनुभवाला शेरिंग्टन आणि जॅक्सन यांच्या मज्जाशास्त्राची बैठक दिली.

बोबाथबाईंनी आणखी एक गोष्ट पाहिली होती. रुग्णाने चांगल्या हाताने एखादी वस्तू घट्ट आवळली किंवा उठताना फार जोर केला, की लुळा हात आपोआप आणखी दुमडतो. हे निरीक्षण अगदी बरोबर होते. अशा रुग्णाजवळ बसलेल्या कोणालाही ते दिसेल. त्यावरून पुढचा तर्क असा : जोर केल्याने ताठरपणा वाढतो; ताठरपणामुळे नीट हालचाल होत नाही; म्हणून जोर करू देऊ नये. वजने, प्रतिकार, दमवणारा व्यायाम या सगळ्यांवर बंदी. आधी ताठरपणा घालवा, मग हालचाल आपोआप सुधारेल. स्नायू दुबळा दिसतो तो खरा दुबळा नाही, समोरच्या ताठर स्नायूने त्याला अडवून धरले आहे, असेही मानले गेले.

त्यांचे प्रौढांच्या अर्धांगवायूवरचे पुस्तक १९७० साली आले. जगभर ते पाठ्यपुस्तकासारखे वापरले गेले. आपल्याकडच्या फिजिओथेरपीच्या शिक्षणातही बोबाथ पद्धत मानाने शिकवली गेली. ज्या विभागात पोलिओच्या मुलाच्या पायाला वजन बांधले जाई, तिथेच शेजारच्या खाटेवरच्या अर्धांगवायूच्या आजोबांना वजन वर्ज्य, असा हा प्रकार होता.

हा तर्क पुन्हा एकदा वाचून पाहा. यातली पहिली पायरी निरीक्षण आहे. पण जोर करताना त्या क्षणी हात दुमडतो, यावरून सहा आठवडे व्यायाम केल्यावर ताठरपणा कायमचा वाढेल, हे सिद्ध होते का? धावताना नाडी जलद चालते, म्हणून रोज धावणाऱ्याची नाडी कायमची जलद होते का? उलट ती संथ होते. क्षणाचा परिणाम आणि सरावाचा परिणाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेवटी प्रयोग करूनच पाहायला हवे होते. तो प्रयोग बराच काळ कोणी केला नाही, कारण जो व्यायाम अपायकारक मानला आहे तो रुग्णाला देऊन पाहायला कोण धजणार?

भिंतीला तडे

शंका घेणारे होतेच. अमेरिकेतले मज्जाविकारतज्ज्ञ विल्यम लँडाऊ यांनी १९७४ साली एका लेखाच्या शीर्षकातच ताठरपणाला दंतकथेतला राक्षस म्हटले. ताठरपणा कमी करणारी औषधे निघाली होती. ती दिल्यावर स्नायू सैल पडत, पण माणूस त्या प्रमाणात चांगला चालू लागत नसे. 'अधिक' हाच मुख्य गुन्हेगार असता तर तो गेल्यावर चालणे सुधारायला हवे होते.

१९८० च्या दशकात अमेरिकेतले फिजिओथेरपिस्ट रिचर्ड बोहॅनन यांनी एक साधी गोष्ट चिकाटीने केली. हातात धरायच्या छोट्या उपकरणाने त्यांनी रुग्णांच्या गुडघ्याची ताकद मोजली आणि ते किती वेगाने चालतात तेही मोजले. जितका गुडघा सरळ करण्याचा जोर जास्त, तितका चालण्याचा वेग जास्त, असा संबंध दिसला. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या जॅनेट कार आणि रॉबर्टा शेफर्ड यांनी १९८२ च्या पुस्तकात वेगळाच विचार मांडला : रुग्ण हा पुन्हा शिकणारा विद्यार्थी आहे. उठणे, चालणे, पेला उचलणे ही कामे त्याने करत करतच शिकायची आहेत. शिक्षकांना ही भाषा लगेच पटेल.

मग १९९७ साली कॅनडातल्या किंग्स्टन इथे शार्प आणि ब्रॉवर यांनी तो टाळलेला प्रयोग केला. जुना अर्धांगवायू असलेल्या १५ जणांना त्यांनी सहा आठवडे, आठवड्यातून तीनदा, यंत्रावर गुडघ्याचा जोरदार व्यायाम दिला. आधी आणि नंतर ताकद, ताठरपणा, वेग, सगळे मोजले. ताकद वाढली, चालण्याचा वेग वाढला, आणि ताठरपणा वाढला नाही. दोन वर्षांनी त्याच शहरातल्या दुसऱ्या गटाने १३ जणांना दहा आठवडे ताकदीचा आणि दमाचा असा मिश्र व्यायाम दिला. त्यांचा चालण्याचा वेग सुमारे २८ टक्क्यांनी आणि जिना चढण्याचा वेग सुमारे ३७ टक्क्यांनी वाढला. ताठरपणा तेवढाच राहिला. झटका येऊन नऊ महिने किंवा त्याहून जास्त काळ लोटलेले हे लोक होते. त्या काळातल्या समजुतीप्रमाणे त्यांची सुधारणा केव्हाच संपायला हवी होती.

२००६ साली सिडनीच्या लुईस अडा आणि सहकाऱ्यांनी तोवर झालेल्या प्रयोगांची एकत्र छाननी केली. ताकदीच्या व्यायामाने ताकद वाढते, कामे थोडी सुधारतात, ताठरपणा वाढत नाही, असा निष्कर्ष निघाला. पन्नासेक वर्षांच्या भीतीला आधार सापडला नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही

आता उलट्या बाजूला कलण्याचा मोह होतो : पाय मजबूत करा, माणूस चालू लागेल. हीदेखील पटण्याजोगी कल्पनाच आहे, आणि तीही तपासावी लागते.

शार्प आणि ब्रॉवर यांच्या प्रयोगात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हे तुमच्या लक्षात आले असेल. २००१ साली कॅनडातच व्हँकुव्हरला २० जणांचे दोन गट केले गेले. एका गटाने यंत्रावर पूर्ण जोर लावायचा. दुसऱ्या गटाचा पाय यंत्र नुसते हलवणार, जोर लावायचा नाही. सहा आठवड्यांनी दोन्ही गटांचे चालणे थोडे सुधारले, आणि जवळजवळ सारखेच. व्यायामाच्या गटाला चालण्यात वेगळा फायदा दिसला नाही. नंतरच्या काही प्रयोगांतही असे आढळले की बसून केलेल्या व्यायामाने ताकद भरपूर वाढते, पण चालण्यात ती पूर्णपणे उतरत नाही.

याचे कारण चालण्याच्या क्रियेत आहे. चालताना मांडीच्या पुढचा स्नायू गुडघा कोसळू देत नाही. पोटरी पाऊल मागे रेटून शरीर पुढे ढकलते. जांघेतला स्नायू पाय उचलून पुढे आणतो आणि नडगीजवळचा स्नायू पायाची बोटे वर धरतो, म्हणजे ती जमिनीला अडत नाहीत. हे सगळे सेकंदाच्या काही भागात, ठरलेल्या क्रमाने आणि तोल सांभाळत व्हावे लागते. नडगीचा स्नायू दुबळा असेल तर पाऊल लोंबते, म्हणून रुग्ण पाय बाहेरून अर्धगोलात फिरवून टाकतो. अशा वेळी एकट्या मांडीला खुर्चीवर बसून बळकट केले, तर एका वादकाचा सराव होतो, वाद्यवृंदाचा होत नाही. शिवाय मेंदू जे शिकतो ते बहुतांशी जे केले तेच शिकतो. पोहणे काठावर बसून येत नाही.

म्हणून आजची समजूत दोन्हींची सांगड घालते : जोर लावायचा, पण शक्यतो खऱ्या कामात. २०२० साली ७५ प्रयोगांतल्या तीन हजारांवर रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. दम वाढवणारा चालण्यासारखा व्यायाम आणि मिश्र व्यायाम यांनी चालणे सुधारते, असा चांगला पुरावा मिळाला. नुसत्या ताकदीच्या व्यायामाबद्दल पुरावा त्यामानाने तोकडा आहे.

इथे सगळ्यांत साधे आणि बिनखर्चाचे उदाहरण म्हणजे उठबस. एकेकाळी शाळेत शिक्षा म्हणून उठाबशा काढायला लावत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने अशा शिक्षांना बंदी केली. पण खुर्चीवरून उठणे आणि बसणे हा अर्धांगवायूच्या रुग्णासाठी उत्तम व्यायाम ठरला आहे. त्यात मांडी, नितंब आणि पोटरी यांना शरीराचेच वजन उचलावे लागते, तोल सांभाळावा लागतो, आणि हे काम रोजच्या जगण्यात लागणारे असते. डेलॉर्मचे वाढते वजनही इथे आणता येते. सुरुवातीला उंच खुर्ची. ती जमली की जरा बुटकी. मग त्याहून बुटकी. चांगला पाय थोडा पुढे आणि दुबळा पाय थोडा मागे ठेवला, की दुबळ्या पायाला जास्त भार घ्यावा लागतो. वजनाची जागा खुर्चीची उंची आणि पावलांची मांडणी घेते. आपल्याकडे जमिनीवर बसण्याची, बांधावरून चालण्याची आणि एसटीची उंच पायरी चढण्याची गरज असते. म्हणून ठोकळ्यावर पायरीसारखे चढणे-उतरणे, टाचा उचलणे यांचाही उपयोग होतो.

किती? केव्हा? कोणी?

व्यायाम काय असावा याइतकाच तो किती असावा, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. २००९ साली अमेरिका आणि कॅनडातल्या केंद्रांत प्रत्यक्ष बसून मोजदाद केली गेली. चालण्याच्या उपचाराच्या एका सत्रात रुग्ण सरासरी ३५७ पावले टाकतो, असे आढळले. अर्ध्या मीटरचे पाऊल धरले तर हे अंतर १८० मीटरही भरत नाही. शाळेच्या मैदानाच्या एका फेरीइतके म्हणा. निरोगी माणूस दिवसभरात सहज काही हजार पावले चालतो. शिकणाऱ्याने शिकलेल्यापेक्षा जास्त सराव करायला हवा, इथे तर उलटेच होते.

मग पहिल्याच दिवसापासून भरपूर चालवावे का? तेही तपासले गेले. ऑस्ट्रेलियाच्या पुढाकाराने पाच देशांत झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात २,१०४ रुग्ण होते. झटक्यानंतर २४ तासांच्या आत सुरुवात करून वारंवार आणि जास्त वेळ उठवलेल्या गटाचे तीन महिन्यांनंतरचे निकाल नेहमीच्या उपचारांपेक्षा किंचित वाईट आले. पडून राहणे वाईट, हे खरेच. पण पहिल्या दिवशी घाई करणेही बरे नाही.

तिसरा प्रश्न आपल्याला जास्त जवळचा आहे. हे सगळे करून कोण घेणार? पनवेल या बाबतीत सुदैवी आहे. शहराच्या हद्दीतच कामोठ्याला वैद्यकीय महाविद्यालय आणि फिजिओथेरपीचे महाविद्यालय आहे. परंतु रायगड जिल्ह्याच्या आतल्या गावात घरी परतलेल्या रुग्णाला आठवड्यातून तीनदा तिथवर आणणे घरच्यांना परवडत नाही. घरातल्याच एकाला व्यायाम शिकवून पाठवावे, ही कल्पना साहजिक वाटते. भारतातल्या १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर तिची कसून परीक्षा झाली. निकाल २०१७ साली आला. सहा महिन्यांनंतर मृत किंवा परावलंबी असलेल्यांचे प्रमाण दोन्ही गटांत ४७ टक्के. काहीच फरक नाही.

हा निकाल निराश करणारा आहे, पण त्याचा अर्थ नीट लावला पाहिजे. व्यायामाचा उपयोग नाही, असे तो सांगत नाही. रुग्णालयात घरच्यांना थोडे शिकवून घरी पाठवणे एवढेच पुरत नाही, असे तो सांगतो. सराव पुरेसा होतो की नाही, वजनासारखी खुर्चीची उंची कोणी बदलत नेते की नाही, हे पाहायला शिकलेला माणूस अधूनमधून लागतोच असे दिसते. २०११ नंतर भारतात नैसर्गिक पोलिओचा एकही रुग्ण आढळलेला नाही. पोलिओसाठी जी विद्या परळला आली, तिची गरज आता अर्धांगवायूसाठी तालुक्या-तालुक्यात आहे.

वर्गात करून पाहण्यासारखे

१. मुलांना खुर्चीवर ताठ बसायला सांगा. पावले गुडघ्यांच्या पुढे ठेवायची, पाठ वाकवायची नाही, हात टेकायचे नाहीत. आता उठा. कोणालाही उठता येणार नाही, कारण शरीराचा गुरुत्वमध्य पावलांच्या मागे राहतो. मग पावले मागे घेऊन, पुढे झुकून उठायला सांगा. अर्धांगवायूच्या रुग्णाला उठायला शिकवताना पहिला धडा हाच असतो.

२. मैदानावर १० मीटर अंतर आखा आणि नेहमीच्या चालीने लागणारा वेळ मोजा. वेग काढा. कॅलिफोर्नियातल्या जॅकलिन पेरी आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली दाखवले की सेकंदाला ०.४ मीटरपेक्षा कमी वेगाने चालणारे रुग्ण बहुतांशी घरातच राहतात, तर ०.८ मीटरच्या वर गेलेले मोकळेपणाने बाहेर हिंडतात. आता हिशेब करा : १२ मीटर रुंदीचा रस्ता ओलांडायला पहिल्याला ३० सेकंद लागतील, दुसऱ्याला १५. पनवेलच्या जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर या १५ सेकंदांचा अर्थ काय, ते मुलांनाच विचारा.

३. मोठ्या मुलांना विचारा : शार्प आणि ब्रॉवर यांच्या प्रयोगात दुसरा गट नसल्याने कोणती शंका उरते? व्हँकुव्हरच्या प्रयोगात ज्यांनी जोर लावला नाही तेही का सुधारले असतील? वारंवार तपासणी झाल्याने? हुरूप आल्याने? पाय नुसता हलवल्यानेही थोडा फायदा होत असेल का? यातले एकच उत्तर बरोबर आहे असे नाही, पण दुसरा गट कशासाठी ठेवतात ते या चर्चेतून नक्की कळेल.

एक सूचना मात्र मुलांना जरूर द्या. कोणाच्या घरी अर्धांगवायू झालेले आजी-आजोबा असतील, तर हा लेख ऐकून त्यांना लगेच उठाबशा काढायला लावू नये. रक्तदाब, हृदयविकार, गुडघेदुखी, पडण्याची भीती हे सगळे पाहून सुरुवात डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट यांनीच ठरवायची असते. व्यायाम करताना श्वास रोखून धरायचा नाही, शेजारी कोणीतरी उभे हवे, खुर्ची भिंतीला टेकलेली हवी. एकदा ते ठरले, की नातवंडांना करता येण्याजोगे एक काम उरते : शेजारी उभे राहून मोजणे, आणि रोजचा आकडा वहीत तारखेसह लिहून ठेवणे. पुढच्या भेटीत ती वही फिजिओथेरपिस्टना दाखवली, तर खुर्ची आता किती बुटकी करायची हे ठरवणे त्यांना सोपे जाईल.